भरडाई घ्या, तांदूळ सोडा

गेल्या दहापंधरा वर्षांत ‘स्वतंत्र संगीतकार’ हा शब्द आपल्या शहरी वृत्तपत्रांत आणि मोबाइलच्या पडद्यावर फार रुळला आहे. चित्रपटाच्या चाकोरीबाहेर राहून स्वतःचे गाणे स्वतः रचणारा, स्वतःच गाणारा, कोणा निर्मात्याच्या पदरी नसलेला कलावंत, असा त्याचा अर्थ सांगतात. धारावीत रॅप करणारा पोरगा, पुण्यात गिटारवर गाणारी तरुणी, गोव्याचा ट्रम्पेटवाला, अभंगाला ड्रमची जोड देणारे महाविद्यालयीन तरुण, राजस्थानातून आणलेला एखादा मांगणियार. अशी नाना पंथांची मंडळी एका बंद खोलीत, उत्तम माइकसमोर, एका दमात, मागाहून कापाकापी न करता गातात. त्याचे चित्रण होते आणि ते लक्षावधी लोक पाहतात. ‘लाइव्ह स्टुडिओ’ असे या प्रकाराचे नाव आहे.

या प्रकाराला नाक मुरडण्याचे यत्किंचितही कारण नाही. यंत्राने सूर सरळ करून घेण्याच्या काळात कोणी माइकपुढे उभे राहून जसे आहे तसे गातो, तेव्हा त्याचा खरा कस लागतो आणि ऐकणाऱ्यालाही माणसाचा आवाज ऐकू येतो. वाद निराळाच आहे. ती खोली कोणाची? ती ध्वनिफीत कोणाची? आणि स्वतंत्र म्हणवला जाणारा हा कलावंत नेमका कोणापासून स्वतंत्र आहे? हे प्रश्न आजवर संगीताच्या रसिकांनी विचारले नाहीत, यात नवल नाही. समाजवादी कार्यकर्त्यांनीही ते विचारू नयेत, ही मात्र चिंतेची बाब आहे.

घोटीच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगण्यास फार शब्द लागत नाहीत. इगतपुरी तालुक्याचे भात घोटीच्या गिरण्यांत येते. शेतकरी भात घालतो, गिरणी ते भरडते, भरडाईचे पैसे घेते, तूस-कोंड्याचा हिशेब काय तो ठरलेला असतो, आणि तांदूळ ज्याचा त्याच्या घरी जातो. गिरणीचे यंत्र महागाचे आहे, वीज तिची आहे, भात साळीतून मोकळे करण्याचे काम तिने केले आहे, हे सारे खरे. पण म्हणून तांदूळ गिरणीवाल्याचा होत नाही. अर्थात अडलेला शेतकरी गिरणीच्या दारातच भात विकून टाकतो आणि भावात मारला जातो, हेही आपण जाणतो. परंतु तेव्हाही ते विकणे असते, भरडणे नसते. आणि या दोहोंतला फरक घोटीच्या बाजारातल्या अगदी निरक्षर म्हातारीलाही पक्का ठाऊक असतो. आपल्या संगीतव्यवसायाने हा फरक पुसून टाकला आहे. येथे भरडायला दिलेले भात परत येतच नाही.

हे मी अलंकाराने म्हणत नाही, कायदाच तसा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून निर्मात्याला, म्हणजे ज्याच्या पुढाकाराने व जबाबदारीवर मुद्रण झाले त्याला, मान्यता दिलेली आहे. गळा गायकाचा, बोटे वादकाची, कर्ता मात्र निर्माता. आणि ही मालकी प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा म्हणून काही हक्क असतो, ही गोष्ट आपल्या कायद्यात शिरायला १९९४ साल उजाडावे लागले. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात थोडे बळ भरले : आपल्या गायनवादनाबरोबर आपले नाव लावले जावे हा नैतिक हक्क कलावंताला मिळाला, व्यापारी उपयोगातून स्वामित्वशुल्काचा वाटा मागण्याची सोय झाली, आणि गीतकार-संगीतकारांचा वाटा निर्मात्याला गिळंकृत करता येणार नाही असे बंधन आले. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी किल्ला लढवला. परंतु ही लढाई झाली ती प्रामुख्याने चित्रपटसृष्टीतल्या नामवंतांची. तिचा लाभ बोहाड्याच्या रात्री संबळ वाजवणाऱ्यापर्यंत पोचवण्याचे काम कोणी अंगावर घेतले? कोणीच नाही.

आता या खोल्या कोणाच्या आहेत ते पाहू. आपल्या देशात या प्रकाराला घरोघर नेले ते एका शीतपेयाच्या कंपनीने. १९७७ साली जनता पक्षाच्या राजवटीत उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी कोका-कोलाला परकी चलन कायद्याप्रमाणे भागभांडवल हिंदी हाती द्या असे बजावले आणि कंपनी गाशा गुंडाळून गेली, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ती १९९३ साली परतली. २००२ पासून केरळात प्लाचीमडा येथे आदिवासी स्त्रीपुरुषांनी विहिरींच्या पाण्यासाठी तिच्या कारखान्यापुढे धरणे धरले आणि २००४ साली तो कारखाना बंद पडला. त्याच कंपनीच्या नावाचा संगीत-स्टुडिओ २००८ साली पाकिस्तानात आणि २०११ साली आपल्याकडे सुरू झाला. २०२३ पासून त्याच्या नावाला ‘भारत’ हा शब्दही जोडला गेला. त्यात झालेले काही संगीत फार चांगले आहे. राजस्थानचे मामे खान, भंवरी देवी यांचे आवाज त्यामुळे नव्या पिढीच्या कानी पडले, हे कबूल केलेच पाहिजे. पण तो खर्च जाहिरातीच्या खात्यातला आहे, हेही तितकेच खरे. ज्या दिवशी जाहिरातीचे गणित बदलेल, त्या दिवशी खोलीला कुलूप लागेल. आणि तशी ती आपल्याकडे २०१५ नंतर काही वर्षे बंद राहिलीही. लोककलावंताला तेथे जाण्याचा हक्क नाही. त्याला आमंत्रण असते. हक्क आणि आमंत्रण यांत काय अंतर आहे ते कामगार चळवळीत वावरलेल्याला शिकवावे लागत नाही.

गंमत अशी की, स्टुडिओत थेट वाजवण्याची ही रीत जगात जेथे सर्वाधिक फोफावली, तेथे ती कोणा कंपनीच्या रसिकतेने आलेली नाही. ती कामगार संघटनेच्या करारातून आली आहे. इंग्लंडमध्ये बीबीसीला ध्वनिमुद्रिका किती तास वाजवता येतील यावर मर्यादा होती. ध्वनिमुद्रिका कंपन्यांची संस्था आणि वादकांची युनियन यांच्याशी झालेल्या करारांनी ती घातली गेली होती. तबकडी फिरत राहिली तर वादक उपाशी मरेल, हे युनियनचे सरळ म्हणणे. मग उरलेले तास भरायचे कसे? तर जिवंत वादकांना बोलावून, ठरलेल्या दराने पैसे देऊन, स्टुडिओत वाजवून घेऊन. जॉन पील नावाच्या निवेदकाच्या कार्यक्रमासाठी १९६७ पासून २००४ पर्यंत अशी चार हजारांवर मुद्रणे झाली. बहुधा एका दिवसात चार गाणी व्हायची. हाती पैसा नसलेल्या, कोणत्याही कंपनीने दारात उभे न केलेल्या शेकडो तरुण वाद्यवृंदांना आयुष्यात प्रथमच नीट माइक मिळाला तो तेथे. पंकपासून रेगेपर्यंत सारे पंथ तेथे नांदले. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने ही मर्यादा स्पर्धेला बाधक ठरवली आणि १९८८ साली, थॅचरबाईंच्या अमदानीत, ती उठली. आज जे लोक पीलच्या त्या मुद्रणांची पारायणे करतात, त्यांतील किती जणांना ठाऊक असते की या साऱ्याच्या मुळाशी वादकांच्या युनियनने घातलेली एक अट होती?

अमेरिकेची कथा याहून झुंजार आहे. १ ऑगस्ट १९४२ पासून तेथील वादकांच्या महासंघाने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली ध्वनिमुद्रण करण्यासच नकार दिला. महायुद्ध चालू, सरकारचा दबाव, वृत्तपत्रांची शिवीगाळ; तरी संप दोन वर्षांहून अधिक काळ टिकला, आणि सर्वांत मोठ्या कंपन्यांनी १९४४ च्या नोव्हेंबरात शरणागती पत्करली. प्रत्येक विकल्या जाणाऱ्या तबकडीमागे काही रक्कम बेकार वादकांच्या निधीत जमा होऊ लागली. यंत्राने माझे काम हिरावले तर यंत्राच्या नफ्यात माझा वाटा, असा तो रोकडा हिशेब होता.

आपल्याकडे मुंबईच्या चित्रपट-वादकांनी आपली संघटना बांधली, दर ठरवून घेतले. पुढे एका सिंथेसायझरवर चाळीस व्हायोलिनांचे काम होऊ लागले आणि त्या संघटनेचे बळ ओसरले. परंतु मुंबईबाहेरचे काय? तेथे एकच सार्वजनिक स्टुडिओ होता, तो आकाशवाणीचा.

आकाशवाणीबद्दल लिहिताना आपल्यातील काही मित्र भाबडे होतात, तेव्हा थोडी कडू वस्तुस्थिती आधी सांगून टाकतो. १९४० साली या संस्थेने हार्मोनियमला हद्दपार केले. ती बंदी जवळजवळ तीन दशके टिकली आणि १९७० च्या सुमारास कोठे सैल होऊ लागली. म्हणजे महाराष्ट्राच्या प्रत्येक देवळातल्या भजनी मंडळाची जी पेटी, तीच सरकारी स्टुडिओत विटाळ मानली जात होती. १९५२ मध्ये मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी ध्वनिपरीक्षेची पद्धत आणली, कलावंतांच्या श्रेणी लावल्या. त्यातून शास्त्रीय संगीताला आश्रय मिळाला खरा, पण शुद्धाशुद्धतेची उतरंडही सरकारी शिक्क्याने पक्की झाली. चित्रपटगीतांना त्यांनी दारे लावली तेव्हा श्रोता उठून सिलोनला गेला; मग १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून त्याला परत बोलवावे लागले. आणि आणीबाणीत, १९७६ साली, काँग्रेसच्या कार्यक्रमाला नकार दिला म्हणून किशोरकुमारचा आवाज या संस्थेने बंद केला. स्टुडिओ सरकारच्या मालकीचा आहे एवढ्याने तो जनतेचा होत नाही.

हे सर्व ध्यानात ठेवूनही दुसरी बाजू मांडलीच पाहिजे. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. केंद्र अवघे दीड वर्षाचे होते. सीताकांत लाड, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके या तिघांनी आठवड्याला एक नवे गीत याप्रमाणे वर्षभरात ५६ गीते उभी केली. मागे ध्वनिमुद्रिका कंपनी नव्हती, खपाचा अंदाज नव्हता, जाहिरातदार नव्हता. एक सार्वजनिक खोली होती, महिन्याचे मानधन होते, आणि पुढच्या आठवड्याची तारीख होती. मुंबई केंद्राच्या कामगारांच्या कार्यक्रमाने गिरणगावातल्या शाहिरांना, गायकांना माइक दिला. लोकसंगीताच्या कलावंतालाही तेथे ध्वनिपरीक्षा होती, श्रेणी होती, आणि कार्यक्रम संपल्यावर हातात धनादेश पडत होता. तो धनादेश लहान असे. पण त्यावर त्याचे नाव असे. ज्या कलावंताला गावात कोणी ‘वाजंत्री’ यापलीकडे नाव देत नव्हते, त्याला टपालाने आलेल्या कराराच्या कागदावर ‘श्री.’ लिहिलेले दिसे, याची किंमत पैशात मोजू नये.

यावर बाजारवाद्यांचे ठरलेले उत्तर आहे : आता सरकारही नको आणि कंपनीही नको, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, त्याने गावे आणि जगापुढे ठेवावे. हा युक्तिवाद ऐकायला फार लोकशाहीवादी वाटतो. वस्तुतः मोबाइलने मुद्रणाची किंमत खाली आणली. वितरणाचा मक्ता मात्र पूर्वीपेक्षा मोठा झाला. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली तेव्हा निदान तालुक्याच्या गावचा दुकानदार स्वतः कॅसेट काढू शकत होता. आज जगभरच्या गाण्याचे नळ तीनचार परकी कंपन्यांच्या हाती आहेत. त्यांतील स्पॉटिफाय या कंपनीने २०२४ पासून असा नियम केला की, ज्या गाण्याला मागील बारा महिन्यांत १,००० श्रवणे मिळाली नाहीत त्याला स्वामित्वशुल्काचा पैसाही द्यायचा नाही. हजारांच्या खालच्यांचा वाटा वरच्यांत वाटला जातो. गरिबाच्या ताटातले काढून श्रीमंताला वाढण्याचा इतका उघड नियम आपल्या जिल्हा सहकारी बँकेतदेखील कोणी ठरावाने मंजूर करून घेतला नसता! ठाकर वस्तीवरच्या ढोलाच्या चालीला वर्षात हजार श्रोते कोठून मिळायचे? आणि मिळाले तरी त्यांनी ऐकलेले गाणे कोणत्या नावाने नोंदले जाणार?

नावाचा हा मुद्दा मला फार मोठा वाटतो. लोकसंगीताच्या मुद्रणावर कर्त्याच्या जागी ‘पारंपरिक’ असा शब्द घालतात. त्या एका शब्दाने कवी नाहीसा होतो, चाल लावणारा नाहीसा होतो, आणि उरतो तो मुद्रण करणारा, म्हणजे मालक. लोकगीत सर्वांचे असते, त्यावर एकाची मालकी कशी सांगता, असा आपल्यातीलच काही विद्वान आक्षेप घेतात. त्यांना माझे उत्तर असे की, गावचे गायरान सर्वांचे असते हे खरे, पण म्हणून ते कुंपण घालणाऱ्याचे होत नाही. आणि आज कुंपण घातले जात आहे. शिवाय आपली परंपरा नाव पुसण्याची नाहीच. अभंगाच्या शेवटच्या चरणात संत आपले नाव गुंफतो, शाहीर शेवटच्या कडव्यात आपली मुद्रा ठेवतो. ज्यांच्याकडे छापखाना नव्हता, वकील नव्हता, त्यांनी आपली नोंद अशा रीतीने गाण्याच्या पोटातच करून ठेवली. घोटीपासून दूर नसलेल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी हजारो गीते लिहिली. बाबासाहेबांचा विचार त्यांनी गावकुसाबाहेरच्या प्रत्येक वस्तीत पोचवला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप अशा थोर गळ्यांतून दलित वस्तीवस्तीत गीते घुमली, कॅसेटी खपल्या. वामनदादा मात्र झोळी खांद्याला लावून गावोगाव फिरतच राहिले. त्यांचे नाव टिकले ते त्यांनी शेवटच्या ओळीत स्वतः लिहिले होते म्हणून. व्यापाऱ्यावर सोडले असते तर त्यांच्याही नावापुढे ‘पारंपरिक’ लागले असते.

नाव राखून काम करता येते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी ऐंशीच्या दशकापासून हजाराहून अधिक खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. प्रत्येक ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव त्यांनी नोंदले. जात्यावर एकटी बसलेली बाई ही तर खरी स्वतंत्र संगीतकार; तिला श्रोता नव्हता, मोबदला नव्हता. २०१७ पासून तो संग्रह ‘पारी’च्या दालनात सर्वांस खुला झाला आहे, आणि तेथेही नाव-गाव शाबूत आहे. एक लाख ओव्यांची नावे राखता येतात, तर दहा गाण्यांच्या कार्यक्रमात वादकांची नावे ‘जागेअभावी’ का गळतात?

तरुणांमध्येही याची जाण आहे. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाने २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले, तेव्हा आरेच्या जंगलासाठी लढणारे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सजावटीपुरते बोलावले नाही. त्यांचा आवाज, त्यांची भाषा आणि त्यांचे नाव गाण्याच्या मध्यभागी ठेवले. त्या पोरांची भाषा काहींना धसमुसळी वाटेल. मला ती आपल्या कित्येक व्यासपीठांवरील प्रार्थनागीतांपेक्षा प्रामाणिक वाटते.

व्यासपीठांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापट होते, पुलंनी त्यासाठी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले, निळू फुले आणि राम नगरकर तेथेच घडले. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन शाहिरांवाचून कल्पिता येत नाही. आणि आजच्या सभेत? पुढाऱ्याची मोटार टोलनाक्यावर अडकली की ‘तोवर एखादे गाणे होऊ द्या’ असा पुकारा होतो. गाडी दिसली की कडवे अर्ध्यावर तोडतात. पेट्रोलचे पैसे वक्त्याला मिळतात, ढोलकीवाल्याला हार मिळतो. ज्या कार्यकर्त्यांना किमान वेतनाचा दर तोंडपाठ आहे, त्यांना आपल्या सभेतील वादकाची बिदागी विचारली तर ‘तो आपलाच माणूस आहे’ असे उत्तर मिळते. मालकही आपल्या नोकराबद्दल हेच म्हणत असतो. कंपन्यांवर तोफ डागण्याआधी हा हिशेब चुकता झाला पाहिजे.

‘आधी भाकरीचा प्रश्न सोडवू, गाण्याचे मग पाहू’, असे म्हणणारे मित्र आहेतच. त्यांनी इगतपुरी तालुक्याकडे एकदा नीट पाहावे. वैतरणेचे पाणी येथून मुंबईला जाते, दारणेचे खाली गोदावरीला जाते. भाताची कापणी उरकली की माणसे वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली, म्हणजे येथून न्यायचे ते लवकर नेता येऊ लागले. आवणीची गाणी, बोहाड्याचा संबळ, ठाकरांचे ढोल आणि कांबडनाच, हीही आता न्यायच्या यादीत आली आहेत. रिसॉर्टमधल्या पाहुण्यांपुढे रात्रीच्या जेवणाबरोबर ती वाढली जातात. ज्याला त्या नाचाचे दोनचारशे रुपये मिळतात, त्याच्या दृष्टीने गाणे हाच भाकरीचा प्रश्न आहे.

तेव्हा मागणी काय करायची? पहिली प्रसार भारतीकडे. आकाशवाणीच्या प्रत्येक केंद्राने, लहान स्थानिक केंद्रांनीसुद्धा, आठवड्याचे ठरावीक तास मुद्रित गाण्यासाठी बंद ठेवावेत आणि त्या वेळात परिसरातील कलावंतांना स्टुडिओत थेट गाऊ-वाजवू द्यावे. रॅपवाला असो, कव्वाल असो, भजनी मंडळ असो की पिपाणीवाला असो. मानधन जाहीर दराने द्यावे, आणि प्रसारणानंतर मुद्रणाची प्रत व तिचा वापर करण्याचा हक्क कलावंताकडे राहावा. निवड करणाऱ्या मंडळात कलावंतांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत. नाहीतर पुन्हा एखाद्या पेटीवर बंदी यायची. दुसरी मागणी खाजगी एफएम वाहिन्यांबाबत. बातम्या देऊ नका अशी अट सरकारने त्यांच्या परवान्यात घातलीच होती. मग दिवसातून तासभर स्थानिक, जिवंत संगीत द्या अशी अट घालायला कोणती घटनात्मक अडचण आहे? हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्वच्छ शब्दांत सांगितलेले आहे.

दिल्लीने हे ऐकेपर्यंत तालुक्यात करण्याजोगे काम बरेच आहे. त्यातले पहिले कागदाचे. कार्यकर्त्यांनी एवढे पाठ करावे : कायद्याने हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असल्याशिवाय वैध नाही, कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच. जो कोणी मोटारीतून उतरून पाड्यावर मुद्रण करायला येईल, त्याच्याशी वस्तीच्या वतीने एक पानाचा मराठी करार व्हावा. त्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाचे नाव, दिवसाचा मोबदला, वापराची मुदत आणि पुढे झालेल्या कमाईतला वाटा लिहिलेला असावा. अंगठा लावण्यापूर्वी तो कागद मोठ्याने वाचून दाखवावा. रोजगार हमीच्या हजेरीपटावर जो कार्यकर्ता डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतो, त्याला हे जड नाही.

दुसरे काम खोलीचे. घोटीसारख्या बाजारगावी एक साधी, सहकारी मालकीची मुद्रणाची खोली उभी राहू शकते. आठदहा भजनी मंडळे, एखाददुसरी बँजो पार्टी, संबळ-पिपाणीचे ताफे, ढोलपथके आणि शहरात शिकायला गेलेली चारदोन रॅप करणारी पोरे यांनी सभासद व्हावे. खोलीने भरडाई तेवढी घ्यावी, तीही तासावर, आणि तांदूळ सभासदाच्या घरी पाठवावा. चांगले माइक चार पुरतात. यंत्र चालवणारा मुलगा गावातल्याच मंडपवाल्याकडे तयार झालेला असतो. त्याला नाशिकला महिनाभर शिकायला पाठवावे लागेल. भिंतींना आवाज घुमू नये म्हणून शहरात महागडे गादीचे तक्ते लावतात. भाताच्या गिरण्यांच्या गावात बारदानाला काय तोटा?

अडचण एकच दिसते, ती पावसाची. घोटीचा पाऊस पत्र्यावर पडू लागला की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, मग पिपाणीचे मुद्रण कसले! शिवाय तेव्हा सारे आवणीत गुंतलेले. म्हणून आषाढ-श्रावणात सभासदांची नोंदणी आणि कराराचे नमुने तयार करावेत, भाग गोळा करावेत, आणि दिवाळीनंतर, नवे भात गिरणीत येऊ लागले की, कामाला हात घालावा. फक्त खोली गिरणीपासून जरा लांब पाहावी लागेल.